पान एक्केचाळीसवरची हाक

हार्लन, ओहायो
२१ ऑगस्ट २०२३

नोरीन,

पाकिटावरचं नाव वाचून हे फाडलं नसशील, तर आधी एवढं समजून घे की मी माफी मागायला लिहीत नाहीये. मला माहिती हवी आहे.

तुझा पत्ता निवृत्तिवेतनाच्या यादीत नव्हता. तू तेवढी वर्षं भरलीच नाहीस, आणि का भरली नाहीस ते आपल्या दोघींना ठाऊक आहे. म्हणून मी तिकडे दक्षिणेत, केंटकीतल्या स्लोन आडनावाच्या घरी एकामागून एक फोन केले. नवव्या घरी तुझी चुलत वहिनी निघाली. पत्ता देऊन ती म्हणाली, "बाई, तुम्ही त्याच का?" मी म्हटलं, "होय, त्याच."

आपली राखीव हवाई तुकडी बंद होते आहे. चौदा ऑक्टोबरला झेंड्याला गवसणी घालतील, भाषणं होतील, मग जिलेटीनसारखा थरथरणारा केक कापतील. त्या दिवशी वाटायला वेंडेल ऑस्ट्रँडर तुकडीचा इतिहास लिहितो आहे. वेंडेल आठवतो ना, आपला नॅव्हिगेटर? आठवडाभर लोकांचे दात उपटायचा आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार आपल्याला अटलांटिकवर वाट दाखवायचा. आता एकोणऐंशीचा आहे, आणि ज्या वेगाने दात उपटायचा त्याच वेगाने लिहितो. मसुदा तपासायला माझ्याकडे आला, कारण व्याकरण येणारी तुकडीत मी एकटीच. शाळेतल्या सिस्टर अल्फॉन्साची कृपा.

पहिली पस्तीस पानं मला कळलीच नाहीत. त्यांत बॉम्बफेकी विमानं आहेत, इंग्लंड आहे, १९४४ साल आहे. मी वेंडेलला फोन केला.

"ही कोण माणसं?"

"आपण."

"आपण कसे? १९४४ साली आपल्या धावपट्टीवर मका उभा होता."

"नंबर, लोरेटा. चौऱ्याण्णव साली आपल्या तुकडीचा जुना नंबर ओक्लाहोमाच्या तुकडीला दिला आणि आपल्याला हा दुसरा मिळाला, महायुद्धातल्या बॉम्बफेक्यांचा. इतिहास नंबराबरोबर जातो. माणसांबरोबर जात नाही."

"मग शहात्तर ते चौऱ्याण्णव आपण इथून इंधनाची टँकर विमानं उडवली ती?"

"कागदोपत्री ती ओक्लाहोमावाल्यांनी उडवली."

"ते तर तेव्हा हेलिकॉप्टर उडवत होते."

"हो," वेंडेल म्हणाला, "त्यांनाही नवल वाटतं."

तरी त्याने हट्टाने आपली अठरा वर्षं मधे घातली आहेत, पान छत्तीस ते साठ. पान एक्केचाळीस जसंच्या तसं उतरवते:

"१५ मार्च १९९२, रविवार. इंधन घ्यायला आलेलं लढाऊ विमान ठरल्यापेक्षा जास्त वेगाने टँकरच्या शेपटीखाली घुसलं. शेपटीतल्या काचेपाशी दोघी जणी पोटावर आडव्या होत्या. इंधनाच्या नळीची, म्हणजे बूमची, दांडी शिकाऊ नोरीन स्लोनच्या हाती होती. शेजारी प्रशिक्षक लोरेटा डुडेक. धोका ज्याला प्रथम दिसेल त्याने रेडिओवर तीनदा 'ब्रेकअवे' अशी हाक द्यायची, हा नियम. ती ऐकताच टँकर वर जातो, दुसरं विमान खाली. शिकाऊ मुलगी बिचकली. डुडेकने हाक दिली. बूमचं टोक मोडलं, पण सहा माणसं वाचली."

खाली पदक घेतानाचा माझा फोटो. त्या केसांबद्दल कोणीतरी मला तेव्हाच बोलायला हवं होतं.

पुस्तक तीस सप्टेंबरला छापायला जाईल. हजार प्रती निघणार, आणि त्यातली एक तुमच्या गावच्या वाचनालयातही जाईल, कारण वेंडेल प्रत्येक माजी सैनिकाच्या गावी पाठवणार आहे. म्हणून विचारते: हे असंच झालं का?

मला असंच आठवतं. पण हल्ली मी तो प्रसंग आठवायला जाते आणि मला नुसतीच मी तो सांगताना दिसते, कधी सहभोजनात, कधी लग्नात, कधी डॉक्टरच्या खुर्चीत.

लोरेटा डुडेक
मास्टर सार्जंट, निवृत्त


४ सप्टेंबर

नोरीन,

उत्तर नाही. ठीक आहे. बोलायचं नसलं की न बोलण्यात तू पटाईत आहेसच. ब्याण्णव साली माझ्या दारात उड्डाणाचा पोशाख इस्त्री करून, घडी घालून ठेवून गेलीस. बटणाला चिठ्ठीसुद्धा नव्हती. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मी अजून ठरवते आहे.

चौकशीची जुनी फाइल मागवली. तीही नंबराबरोबर ओक्लाहोमाला गेली होती. तिथल्या माणसाने नकला पाठवल्या आणि सोबत लिहिलं, "आमच्या तुकडीच्या इतिहासात रस घेतल्याबद्दल आभार." आमच्या! मी ते पत्र दोनदा वाचलं, मग बागेत जाऊन टोमॅटोच्या काठ्या ठोकल्या.

फाइल वाचून मी होते त्याहून जास्त गोंधळले आहे. कर्नल टकेट, आपले वैमानिक, लिहितात: "हाक डुडेकची. अकरा वर्षं तो आवाज ऐकतो आहे, विसरता येत नाही." लढाऊ विमानाचा वैमानिक लिहितो: "बाईचा आवाज. तरुण, दक्षिणेकडच्या हेलाचा. पण त्या क्षणी मी माझ्या आईचाही आवाज ओळखला नसता." मी लिहिलंय: "मी तीनदा हाक दिली." आणि तू लिहिलंयस: "मी हाक दिली. दोनदा की तीनदा, माहीत नाही. सार्जंट डुडेकही ओरडल्या."

तुझा जबाब मी तेव्हा वाचला नव्हता. वाचायला दिला नव्हता, असं लिहिणार होते. पण मागितलाही नव्हता.

विमानात टेप होती, पण ती अर्ध्या तासाने स्वतःवरच पुन्हा भरायची, आणि आपण पाऊण तासाने उतरलो. तिच्यावर टकेट सँडविचमध्ये लोणचं का नाही असं विचारतात, बाकी काही नाही.

शेवटी त्या उड्डाणाचं तुझं गुणपत्रक जोडलं आहे. सातवी ओळ, "आणीबाणीची हाक: बिचकते. सुधारणा हवी." चौकशी समितीने त्याखाली रेघ मारून लिहिलंय, "प्रशिक्षकाने उड्डाणातच केलेली नोंद, म्हणून सर्वांत विश्वसनीय." आणि त्या ओळीवर तुझं उड्डाण बंद.

अक्षर माझं आहे. ते नाकारत नाही.

लोरेटा


१५ सप्टेंबर

नोरीन,

तुझं कार्ड मिळालं. पुढे घोड्याचं चित्र आणि मागे चार ओळी:

"सार्जंट, मी बरी आहे. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली, आता गुडघे नको म्हणतात. तुमच्या प्रश्नाआधी माझा एक. 'बिचकते' हे तुम्ही कधी लिहिलंत? विमान जवळ यायच्या आधी की नंतर? नोरीन."

एकतीस वर्षांनी चार ओळी, त्यातली एक गुडघ्यांवर.

तुझा प्रश्न मला थोडा आगाऊ वाटला. नोंद घटनेनंतरच करतात. मी तेवीस वर्षं या कामात होते, अठ्ठावीस जणांना शिकवलं, आणि माझ्या गुणपत्रकांवर कोणी बोट ठेवलेलं नाही. नंतरच लिहिलं असणार. उतरताना, बहुधा. सगळे हादरलेले होते, तू रडत होतीस की हसत होतीस ते कळत नव्हतं, आणि मी शिस्तीने माझं काम केलं असणार.

वेंडेलला मी विचारलं, मजकूर थोडा सौम्य करता येईल का. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये शुक्रवारचे तळलेले मासे खात बसलो होतो. टकेटही होते. ते आता ऐकू येण्याचं यंत्र लावतात आणि नको ते कानावर आलं की बंद करतात.

"सौम्य म्हणजे?" वेंडेल म्हणाला. "बिचकली म्हणजे बिचकली. तूच लिहिलंस."

"ती चोवीस वर्षांची होती."

"मी चोवीसचा असताना," टकेट म्हणाले, "माझ्यावर खालून गोळ्या झाडत होते."

"म्हणूनच तुम्ही इतके समजूतदार झालात," मी म्हटलं. त्यांनी यंत्र बंद केलं.

लोरेटा


१७ सप्टेंबर, रविवार

नोरीन,

आधी.

परवाचं पत्र टपालात पडल्यावर पेटीत हात घालायचा प्रयत्न केला. पंचाहत्तराव्या वर्षी, भर चौकात. तेव्हा ते पत्र तू वाचलं असशील तर विसर.

रविवारची घाई तुला ठाऊक आहे. सोमवारी सगळ्यांना आपापल्या नोकरीवर हजर व्हायचं. मी टेलिफोन कंपनीत, वेंडेल दवाखान्यात, टकेट विमा विकायला. गुणपत्रक रविवारी चारच्या आत कचेरीत पडलं नाही तर शिकणाऱ्याचं ते उड्डाण बुडायचं, आणि पुढचं महिन्याने. म्हणून आम्ही सगळेच प्रशिक्षक वर असतानाच कागद भरायचो. हवा शांत, विमान दूर, तेव्हा चार ओळी उरकायच्या. कोणी चूक मानत नसे. मी तर तुझ्यावर उपकार समजत होते.

सातवी ओळ मी तुझ्या फेब्रुवारीच्या कागदावरून उतरवली. फेब्रुवारीत तू खरंच बिचकली होतीस. मार्चमध्ये तुला हाक द्यायची वेळच येणार नाही असं मी धरून चालले होते. चांगला वैमानिक, स्वच्छ ऊन.

चौकशीत मला कोणी विचारलं नाही, "हे कधी लिहिलंत?" त्यांनी धरलं की नंतर. मी धरू दिलं. मग तू गेलीस, मग पदक आलं, आणि मग ते सांगायची एक विशिष्ट जागाच उरली नाही. कुठल्या दिवशी, कोणाला? सिस्टर अल्फॉन्साला सांगितलं असतं, पण तिचं डोकं तेव्हा माझ्याहून जास्त फिरलं होतं.

पण पेन्सिल ठेवून मी मान वर केली, विमान अंगावर येताना बघितलं आणि हाक दिली, हे मात्र खरं. निदान मला तसं वाटतं.

लोरेटा


१ ऑक्टोबर

नोरीन,

तू फोन केलास ते बरं केलंस, आणि नीट बोलू दिलं नाहीस तेही बरंच. तरी जे बोललो ते लिहून ठेवते, कारण माझ्या डोक्यात राहिलं तर उद्या मी त्यात स्वतःला शहाणपणाची चार वाक्यं घालीन.

मी विचारलं, "मग हाक तुझी होती?"

तू म्हणालीस, "सार्जंट, तुम्ही मला विचारताय की मला सांगताय?"

"विचारते आहे."

"तेव्हा मला पक्कं माहीत होतं. मग तुम्ही सगळे इतके पक्के होतात की मलाच वाटायला लागलं, मी मनातल्या मनात ओरडले असेन. बस चालवताना कधी अचानक ब्रेक दाबला की वाटायचं, नाही, माझं तोंड चालतं. मी ओरडते. पोरं साक्षीला आहेत."

"पुस्तकात तुझं नाव घालायला लावते."

"नको. माझी आई मरेपर्यंत शेजारणींना सांगायची, पोरगी वर घाबरली म्हणून परत आली. आता माझी मुलगी तिच्या मुलांना सांगते, आजी आभाळात गोठली होती. गंमत म्हणून सांगते. मी काय दाखवणार त्यांना? एक कागद आहे, त्यावर तुमचं सुंदर अक्षर आहे."

"दुसरा कागद असता तर?"

"तो कोण देणार?" तू म्हणालीस, आणि ओव्हन वाजला, आणि तू फोन ठेवलास.

दुसऱ्या दिवशी मी ओक्लाहोमाला फोन करून गुणपत्रकाची मूळ प्रत मागितली. नक्कल नको, मूळच हवी. तो माणूस म्हणाला, मूळ बाहेर देता येत नाही. मी म्हटलं, "बाळा, ते कागद माझे आहेत, फक्त नंबर तुमचा आहे. निदान वाचून तरी दाखव." त्याने दिव्याखाली धरून वाचलं. सगळ्या ओळी नीट. सातव्या ओळीत, "सुधारणा" नंतर "ह" आणि तिथून पेन्सिलीचा एक ओरखडा, कागद फाटेपर्यंत खोल, तिरका खालच्या कडेपर्यंत. त्याच्यापुढे, वेगळ्या दाबाने, उरलेला शब्द पूर्ण केलेला. नक्कल काढताना तो ओरखडा कोणीतरी डाग समजून पुसला असावा.

"बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?" तो म्हणाला. मी त्याला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

टँकर वर उसळला तेव्हा माझी पेन्सिल कागदावर होती, नोरीन. तेवढंच कळलं. पुढचं मी अजून लावते आहे. टँकर उसळला म्हणजे टकेटनी हाक ऐकली होती. आणि ते अकरा वर्षं फक्त माझाच आवाज ऐकत आले होते, मग दुसरा कुठला ओळखणार? तरीही मला माझा आवाज आठवतो. माझा घसा दुसऱ्या दिवशी बसला होता. मी ओरडले नव्हते तर घसा का बसला? मी नेमकी कधी ओरडले?

उद्या वेंडेलकडे जाते. पुस्तक छापायला दोन आठवड्यांची मुदत वाढवून घेतली आहे त्याने, समारंभ हुकला तरी. मुखपृष्ठावर विमान उलटं लागलं होतं.

लोरेटा


१६ ऑक्टोबर

नोरीन,

समारंभ झाला. झेंडा गवसणीत गेला, ज्याने घातली त्याला दोरी बांधता येईना, चार जण मदतीला धावले. केक बरा होता. आता पुस्तकाचं ऐक.

मी वेंडेलला आणि टकेटना सगळं सांगितलं, पेन्सिलीसकट. वेंडेल बराच वेळ चष्मा पुसत राहिला. टकेट म्हणाले, "लोरेटा, त्या पानावर तुझं पदक उभं आहे."

"मी खाली बसवते त्याला."

"आणि माझा जबाब? मी खोटं बोललो असं छापणार?"

"तुम्ही चुकलात असं छापेल तो. तुमच्या वयात शोभतं."

ते उठून गेले. वेंडेल म्हणाला की तो बदलेल, पण बदल मोठा आहे, मुख्यालयाच्या इतिहास विभागाला विचारायला हवं. मी म्हटलं विचार. ही माझी चूक. तिथून दोन दिवसांत उत्तर आलं: जुन्या नंबराखाली घडलेली कोणतीही घटना या तुकडीच्या पुस्तकात छापता येणार नाही. पानं छत्तीस ते साठ काढून टाकावीत. वेंडेलने ती पानं ओक्लाहोमाला देऊ केली. त्यांनी फार नम्रपणे कळवलं की त्यांच्या पुस्तकात हेलिकॉप्टरांनाच जागा पुरत नाही.

आपली अठरा वर्षं कोणाचीच नाहीत. पान एक्केचाळीस नाही, तू नाहीस, मी नाही. एक्केचाळीसव्या पानावर आता इंग्लंडमधल्या एका कुत्र्याचा फोटो आहे, शुभशकुनी म्हणून पाळलेला.

मला आधी हसू आलं. मग संताप. आणि मग, तुलाच सांगते, सुटल्यासारखं वाटलं. हजार प्रती निघतील आणि एकीतही मी वाईट दिसणार नाही. हे वाटलं तेव्हा मी वेंडेलच्या बैठकीत होते आणि त्याची बायको मला विचारत होती, कॉफीत साखर किती. मी कॉफी तशीच सोडली. घरी आले आणि टेबलाशी बसले.

सोबतचा कागद बँकेतल्या नोटरी बाईसमोर सही करून, शिक्का मारून पाठवते आहे. ती म्हणाली, "हे सगळं खरं आहे असं शपथेवर म्हणायचं ना?" मी म्हटलं, "मला ठाऊक आहे तेवढं." ती म्हणाली, "तसा रकाना नाही." म्हणून जे ठाऊक नाही तेही आत लिहिलं आहे. याची दुसरी प्रत मी ठेवलेली नाही. मुलीला दाखव, चौकटीत लाव, चुलीत घाल. तुझा आहे.

लोरेटा

—

मी, लोरेटा अॅन डुडेक, वय पंचाहत्तर, राहणार हार्लन, ओहायो, शपथेवर लिहिते:

१५ मार्च १९९२ रोजी सकाळी मी टँकर विमानाच्या शेपटीत नोरीन स्लोनची प्रशिक्षक म्हणून आडवी होते. तिच्या गुणपत्रकातली सातवी ओळ मी त्या दिवशी काही घडायच्या आधी, मागच्या महिन्याच्या कागदावरून उतरवत होते. तिने त्या दिवशी काय केलं याच्याशी त्या ओळीचा संबंध नाही. चौकशी समितीने तो लावला. मी गप्प राहिले.

त्या दिवशी एकूण किती हाका दिल्या गेल्या ते मला ठाऊक नाही. त्यांतल्या काही माझ्या असाव्यात, कारण माझा घसा बसला होता. त्या कामाच्या होत्या की नुसता आरडाओरडा होता, तेही ठाऊक नाही. कर्नल टकेट यांनी काय ऐकलं ते मी सांगू शकत नाही.

एवढं सांगू शकते: मी मान वर केली तेव्हा आमचं विमान आधीच वर चढत होतं. म्हणजे कोणीतरी हाक दिलेली होती. शेपटीत आम्ही दोघीच होतो.

पहिली हाक नोरीन स्लोनने दिली. ती देत होती तेव्हा मी खाली बघून, ती बिचकते असं लिहीत होते.